हसणारी कवटी

भ्रमणध्वनीच्या कळफलकावर काठीला बांधलेल्या तांबड्या त्रिकोणी निशाणाचे एक छोटे चित्र असते. नवी मुंबईतील नववी-दहावीच्या मुलामुलींच्या लिहिण्यात त्याचा अर्थ किमान दोन प्रकारे लागतो, आणि हे दोन्ही अर्थ एकाच मुलाच्या एकाच फोनमध्ये, कधी एकाच दिवशी, कोणताही गोंधळ न होता नांदतात. १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीच्या स्टेटसवर, रायगडाच्या पायऱ्यांवर काढलेल्या छायाचित्राखाली किंवा ६ जूनच्या राज्याभिषेक सोहळ्याच्या रीलवर ते निशाण आले की तो भगवा असतो. एखाद्या मैत्रिणीने नव्याने ओळख झालेल्या मुलाविषयी काही सांगितल्यावर तेच निशाण तीन-चार वेळा ओळीने येते, तेव्हा तो या मुलापासून जपून राहण्याचा इशारा असतो. त्याचे मूळ इंग्रजी बोलण्यातील धोक्याच्या बावट्यात आणि २०२१च्या ऑक्टोबरमध्ये समाजमाध्यमांवर जगभर उसळलेल्या एका लाटेत आहे. चित्राची एक रेघही दोन्हीकडे बदललेली नसते. बदलतात ती शेजारची वाक्ये, पाठवणारा आणि ज्याच्यासाठी पाठवले तो.

निळ्या हृदयाचेही तसेच आहे. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला ते ‘जय भीम’च्या शेजारी उमटते आणि एका मोठ्या समाजाच्या अस्मितेचा रंग घेऊन येते, आयपीएलच्या हंगामात ते मुंबई इंडियन्सचे असते, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला, त्या रात्रीच्या निळ्या हृदयाला भारतीय संघाच्या गणवेशाचा रंग होता. यांतला कोणताही अर्थ चोरून ठेवलेला नाही. तरीही तारीख, गट आणि पाठवणारा माहीत नसलेल्या माणसाला त्यांतला एकही नेमका लागणार नाही. किशोरवयीन मुलांच्या इमोजींमागे दडलेले अर्थ शोधू पाहणाऱ्या पालकांची आणि शिक्षकांची वाट बहुधा इथेच चुकते, कारण ते चित्राकडे पाहतात आणि मुले मात्र माणसाकडे पाहून चित्र निवडत असतात.

सेक्टरांचे शहर, गटांची उतरंड

सिडको या महामंडळाची स्थापना १९७० साली झाली आणि खाडीपलीकडे आखणी करून वसवलेल्या या शहरात पुढच्या दोन पिढ्यांत देशभरातून माणसे आली. कोपरखैरणे-घणसोलीकडच्या एखाद्या वर्गात मूळ सातारा-सांगलीकडच्या माथाडी कुटुंबांतली मुले, शहर येण्याआधीपासून इथे असलेल्या गावठाणांतील आगरी-कोळी घरांतली मुले आणि मल्याळी, तमिळ, गुजराती, पंजाबी, भोजपुरी बोलणाऱ्या घरांतली मुले शेजारी शेजारी बसतात. वाशीच्या शिकवणीवर्गांबाहेर किंवा खारघरच्या उत्सव चौकाच्या परिसरात संध्याकाळी जे बोलणे कानावर पडते, ते मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांच्या सरमिसळीचे असते आणि फोनवर उतरताना तेच रोमन लिपीत, तुटक शब्दांत लिहिले जाते.

या सरमिसळीत एक गोष्ट हरवते. बोलल्या जाणाऱ्या मराठीत वाक्याचा सूर बऱ्याच अंशी लहान अव्ययांवर आणि संबोधनांवर तोललेला असतो: ‘ये ना’, ‘येतोस की’, ‘आला म्हणे’, ‘अगं, ऐक तरी’. ‘ना’मधली मनधरणी, ‘म्हणे’मधला अविश्वास आणि ‘की’मधला हट्ट मराठी घरात वाढलेल्या मुलाला न शिकवता कळतो, मल्याळी किंवा गुजराती मैत्रिणीकडे तिच्या भाषेतली अशीच सामग्री असते, पण दोघांना सामाईक अशी ती नसते. ही जागा बऱ्याच प्रमाणात इमोजीने भरून काढलेली दिसते. ‘काल का आली नाहीस’ या वाक्यापुढे वितळणारा चेहरा आला तर ती तक्रार लाडाची होते, काहीच आले नाही तर ती जाब विचारल्यासारखी वाटते, आणि नुसता स्मितहास्याचा साधा पिवळा चेहरा आला तर मामला खरोखरच बिघडला आहे असे समजायचे, हे त्या वर्गातल्या सर्व मातृभाषांच्या मुलांना सारखेच ठाऊक असते.

याच्या जोडीला गटांची उतरंड असते. सर्वांत वर शाळेचा अधिकृत गट, जिथे अनेकदा फक्त शिक्षकांनाच लिहिता येते. त्याखाली शिक्षक नसलेला वर्गाचा गट. त्याखाली शिकवणीतल्या मुलांचा. आणि तळाशी चार-पाच जिवलगांचा, ज्याचे नाव दर आठवड्याला बदलते. इन्स्टाग्रामवर नातेवाईक पाहू शकतील असे एक खाते असते, दुसरे मोजक्याच मित्रांसाठी राखलेले असते आणि निवडक मैत्रांपुरत्या ‘क्लोज फ्रेंड्स’ स्टोरीभोवती हिरवे कडे असते. एकच मुलगा वरच्या पायरीवर जोडलेले हात आणि उंचावलेला अंगठा वापरतो आणि तळाच्या पायरीवर कवटी आणि विदूषक. परिस्थिती पाहून बोलीची धाटणी बदलण्याच्या या सवयीला भाषाविज्ञानात संकेतबदल म्हणतात. आजीशी एक मराठी आणि मैदानावर दुसरी मराठी बोलणाऱ्या पूर्वीच्या मुलांकडेही हे कौशल्य होतेच.

घराची रचनाही विचारात घ्यावी लागते. सिडकोच्या जुन्या इमारतींतील दीड-दोन खोल्यांच्या घरांत किंवा गावठाणातील दाटीवाटीच्या घरांत किशोरवयीन मुलाला स्वतःची खोली क्वचितच मिळते, आणि अनेक घरांत मुलाच्या हातातला फोन २०२०च्या टाळेबंदीत ऑनलाइन शाळेच्या निमित्ताने आलेला असून त्याचे कुलूप आईवडिलांनाही उघडता येते. संदेश लपवण्याची सोय नसेल तर त्याचा अर्थ लपवणे एवढाच मार्ग उरतो.

उघड्यावर लपवणे

अमेरिकन संशोधक डॅना बॉइड आणि अॅलिस मार्विक यांनी किशोरवयीन मुलांच्या समाजमाध्यमांवरील वागण्याचा अभ्यास करताना या मार्गाला सामाजिक गुप्तलेखन अशा अर्थाचे नाव दिले. सामान्य सांकेतिक लेखनात संदेश कुलूपबंद असतो आणि तो कुलूपबंद आहे हे पाहणाऱ्याला कळते. गुप्तलेखनात संदेश सर्वांसमोर असतो, पण त्यात दुसरा संदेश आहे याचीच कल्पना परक्याला येत नाही. त्यांनी नोंदवलेल्या एका प्रसंगात प्रेमभंग झालेल्या मुलीने एका आनंदी गाण्याचे बोल समाजमाध्यमावर लिहिले. आईला ती मजेत आहे असे वाटले, मात्र ज्या चित्रपटात ते गाणे येते तो तिच्याबरोबर नुकताच पाहिलेल्या मैत्रिणींना ते मृत्युदंडाच्या दृश्यात गायले जाते हे ठाऊक होते, आणि त्यांनी लगेच तिची विचारपूस केली. मुलीला आईशी भांडायचे नव्हते आणि खोटेही बोलायचे नव्हते, तिला फक्त आपल्या माणसांपर्यंत पोहोचायचे होते. बॉइड यांचे या विषयावरील पुस्तक २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यातील निरीक्षण दीड-दोन खोल्यांच्या घरांना अमेरिकेतील प्रशस्त घरांपेक्षाही अधिक लागू पडावे असे आहे.

मराठी समाजाला ही कला नवी नाही. बोटांच्या खुणांनी बोलण्याला करपल्लवी आणि डोळ्यांच्या खुणांनी बोलण्याला नेत्रपल्लवी अशी जुनी नावे आहेत. व्यापाऱ्यांनी गिऱ्हाइकासमोर आकडे बोलण्यासाठी नंदभाषा नावाची स्वतंत्र शब्दावली वापरली. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि ती लिपी उलगडण्याचे श्रेय इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना दिले जाते. वडीलधाऱ्यांसमोर बोलता यावे म्हणून ‘च’ची भाषा शिकलेल्या पिढ्या तर आज आजीआजोबांच्या वयात आहेत. खुद्द नवी मुंबईत, मुंबईतून वाशी-तुर्भे परिसरात हलवलेल्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या फळबाजारात, हापूसच्या हंगामात हातांवर रुमाल टाकून त्याखाली बोटे दाबत भाव ठरवण्याची रीत चालत आलेली आहे, आणि व्यवहार उघड नसतो म्हणून तिच्यावर टीकाही होत आलेली आहे.

या परंपरेपासून इमोजीचा संकेत एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळा पडतो. रुमालाखालच्या बोटांना, नंदभाषेला आणि ‘च’च्या भाषेला ठरलेली किल्ली असते, ती एकदा कळली की सारा व्यवहार वाचता येतो. मुलांच्या इमोजींना अशी किल्ली नाही. जो अर्थ आहे तो एखाद्या गटात, एखाद्या घडलेल्या गमतीवर तयार होतो, काही दिवस किंवा काही महिने चालतो आणि बाहेरच्यांना कळला की टाकून दिला जातो. बटाट्याचे चित्र एका वर्गात कोणा शिक्षकांचे टोपणनाव असू शकते आणि शेजारच्या तुकडीत ती फक्त भाजी असते.

स्वर कसा ठरतो

सर्वांना ठाऊक झालेले काही अर्थ मात्र आहेत आणि त्यांच्यातील पिढीचे अंतर नीट पाहण्यासारखे आहे. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा २०१५ साली ऑक्सफर्डच्या कोशकारांनी वर्षाचा शब्द म्हणून निवडला होता. आज सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या गटांत तो भरघोस वापरला जातो, आणि नेमक्या याच कारणाने किशोरवयीन मुलांनी तो बऱ्याच प्रमाणात सोडून दिला आहे. त्यांच्या हसण्याची जागा कवटीने आणि धाय मोकलून रडणाऱ्या चेहऱ्याने घेतली. हसून हसून मेलो असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला कवटीचा हा वापर परका वाटण्याचे खरे तर कारण नाही, पण रात्री अकरा वाजता मुलीच्या फोनवर पाच कवट्या पाहणाऱ्या आईला त्या क्षणी हे सुचत नाही आणि तिचे दचकणे अगदी समजण्यासारखे आहे.

अर्थ असे उलटण्यामागे एक साधी प्रक्रिया असते. तीव्र भावनेचे चिन्ह सतत वापरले की ते झिजते, नुसत्या ‘बरे’पुरते उरते आणि खऱ्या हसण्यासाठी त्याहून टोकाचे चिन्ह लागते, शिवाय मोठ्यांनी एखादे चिन्ह उचलले की त्याला मोठ्यांचा वास लागतो. उंचावलेला अंगठा वडिलांच्या कार्यालयीन गटात ‘समजले, काम होईल’ एवढेच सांगतो, मात्र मुलांच्या गटात लांबलचक मजकुराला उत्तर म्हणून नुसता अंगठा आला तर तो ‘मला यात रस नाही’ असा तुटकपणा ठरतो. क्लासवरून उशीर होईल असे मुलीने कळवावे, वडिलांनी मनापासून अंगठा पाठवावा आणि मुलीला ते रागावले आहेत असे वाटावे, हा गैरसमज अशा दोन सवयींच्या टकरीतून होतो. यात कोणीच काही लपवलेले नसते.

इमोजीला शब्दापेक्षा हावभाव मानले तर हे अधिक नीट समजते. भाषाभ्यासक ग्रेचेन मॅककलक यांनी २०१९च्या आपल्या पुस्तकात हा विचार विस्ताराने मांडला आहे. काही हावभावांना नमस्कारासारखा ठरलेला अर्थ असतो, तर बोलताना हलणाऱ्या हातांना स्वतंत्र अर्थ नसतो, ते बोलण्याला केवळ आकार देतात. इमोजींतही हे दोन्ही प्रकार आहेत. इमोजींच्या आरंभीच्या प्रसिद्ध संचांपैकी एक, शिगेताका कुरिता यांनी १९९९ साली जपानच्या एनटीटी डोकोमो कंपनीसाठी बारा बाय बारा ठिपक्यांच्या चौकटीत तयार केलेला १७६ चित्रांचा संच, थोडक्या अक्षरांत हवामान, वाहतूक आणि मनःस्थिती कळवण्यासाठी होता. २०१० साली युनिकोड या जागतिक लिपी-प्रमाणात इमोजींचा समावेश झाला आणि पुढच्याच वर्षी अॅपलने हा कळफलक जगभर खुला केला. प्रमाणाने प्रत्येक चित्राला एक क्रमांक आणि एक नाव दिले, अर्थ मात्र दिला नाही. चित्र प्रत्यक्ष कसे दिसावे हेही प्रत्येक कंपनी स्वतंत्रपणे ठरवते. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की अगदी एकाच कंपनीने काढलेले तेच चित्र पाहूनही, त्यातील भावना चांगली, वाईट की मधली, यावर जवळपास एक चतुर्थांश वेळा लोकांचे एकमत होत नाही.

भारतात आणखी एक वळण आहे. २०२०च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, लगोलग इन्स्टाग्रामवर रील सुरू झाल्या आणि जगभरातील किशोरवयीन मुलांच्या खुणा नवी मुंबईत या वाटेने पोहोचू लागल्या. खोटे बोलणाऱ्यासाठी टोपी, सर्वांत थोर खेळाडूसाठी बोकड, निर्विकार रुबाबासाठी ईस्टर बेटावरचे दगडी मुंडके अशी ही आवक आहे. तिच्यात इथले जोडलेले हात, दृष्ट लागू नये म्हणून टाकलेला निळा नजरमणी आणि भगवे निशाण मिसळले, आणि आज मुले वापरतात तो संच या मिश्रणातून आला.

यंत्राने दिलेली हृदये

पालकांना सर्वाधिक घाबरवणाऱ्या काही खुणा तर मुलांनी पाठवलेल्याच नसतात. स्नॅपचॅट या उपयोजनात मित्राच्या नावापुढे दिसणारी हृदये यंत्र आपोआप लावते: दोघे एकमेकांना सर्वाधिक छायाचित्रे पाठवत असतील तर पिवळे हृदय, ही स्थिती सलग दोन आठवडे टिकली तर लाल आणि दोन महिने टिकली तर गुलाबी. मुलाच्या नावापुढे लाल हृदय पाहून मुलीची उलटतपासणी घेणाऱ्या पालकाला हे माहीत नसते की ते हृदय म्हणजे कंपनीच्या मोजणीचा निकाल आहे, आणि मुलगी ते समजावून सांगू लागली तर ती सबब वाटण्याचीच शक्यता अधिक.

त्याच पडद्यावर एक ज्योत आणि तिच्यापुढे आकडा असतो. दोघांनी रोज न चुकता एकमेकांना काहीतरी पाठवले की ज्योत पेटती राहते, खंड पडायची वेळ आली की वाळूचे घड्याळ दिसते आणि दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो. यावर खरोखर चिंता करावी असे बरेच काही आहे. कोकणातल्या गावी नेटवर्क नसताना किंवा परीक्षेच्या काळात फोन काढून घेतला जाणार असताना ज्योत विझू नये म्हणून आपल्या खात्याचा पासवर्ड मित्राला देऊन ठेवण्याची पद्धत मुलांमध्ये जगभर आढळते, आणि मैत्री तुटल्यावर तोच पासवर्ड छळाचे हत्यार होऊ शकतो. हृदयाच्या रंगावरून चौकशी होते आणि ज्योतीमागचा हा व्यवहार नजरेतून सुटतो, ही फार खेदाची गोष्ट आहे.

याद्यांचा हंगाम

मार्च २०२५मध्ये नेटफ्लिक्सवर ‘अॅडोलेसन्स’ ही चार भागांची ब्रिटिश मालिका आली. शाळेतील मुलीच्या खुनाचा आरोप असलेल्या तेरा वर्षांच्या मुलाची ही कथा. तीत तपास अधिकारी इन्स्टाग्रामवरील टिपण्यांतल्या इमोजींना मैत्रीची चिन्हे समजतो आणि त्याचा स्वतःचा मुलगा त्याला सांगतो की ती कुचेष्टा होती. सुरुंगाची कांडी, लाल गोळी आणि शंभराचा आकडा यांचा संबंध तिथे ‘इन्सेल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, आपल्याला कोणी प्रेम देत नाही याचा दोष स्त्रियांना देणाऱ्या पुरुषांच्या विचारसरणीशी जोडलेला आहे. मालिकेनंतर इमोजींच्या अर्थांच्या याद्या जगभर पालकांच्या हाती पडू लागल्या. त्याआधी २०२१ साली अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेनेही अशीच एक यादी प्रसिद्ध केली होती आणि तीत मेपलचे पान हे अमली पदार्थांचे सर्वसाधारण चिन्ह म्हणून दिलेले होते.

अशा याद्यांनुसार नवी मुंबईतील मुलांचे फोन वाचायचे ठरवले तर काय होईल, याची कल्पना करता येते. कॅनडात शिकायला गेलेल्या मावसभावाच्या छायाचित्राखाली मेपलचे पान टाकणारा मुलगा संशयित ठरेल. ‘एकदम बरोबर’ म्हणून शंभराचा आकडा पाठवणारी मुलगी कुठल्याशा परदेशी विचारसरणीची बळी मानली जाईल. आणि घरच्या गटात भाजीच्या यादीत वांग्याचे चित्र टाकणाऱ्या आजीचीही सुटका होणार नाही, कारण वांगे आणि पीच यांच्या चित्रांचा लैंगिक सूचनेसाठी इतका वापर झाला की २०१९ साली फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या नियमांना त्याची दखल घ्यावी लागली. या याद्यांत सरसकट चूक काही नसते, वांग्याचा तो अर्थ आहेच. पण यादी चित्रापासून माणसाकडे जाते आणि म्हणून निरपराध मुले तिच्यात अडकतात, तर ज्यांना खरोखर लपायचे आहे ते यादी प्रसिद्ध झाल्याच्या दिवशीच चिन्ह बदलतात. मुलांना जाळ्यात ओढू पाहणारा प्रौढ तर अनेकदा असे कोणतेही चिन्ह वापरत नाही. त्याची भाषा कौतुकाची असते, त्याची हृदये आणि फुले कुठल्याच यादीत बसत नाहीत, आणि ‘हे आपल्यातच ठेव’ ही त्याची मागणी सरळ शब्दांत असते.

मालिकेतील त्या प्रसंगाचे मोल मात्र कमी नाही, कारण अर्थ सांगणारा तिथे एक मुलगा आहे आणि तो आपणहून, वडिलांची फजिती पाहवत नाही म्हणून सांगतो.

विदूषक आणि शांतता

यादीत न सापडणारे क्रौर्य कसे चालते हे समजून घेणे अधिक गरजेचे आहे. २०२२मध्ये व्हॉट्सअॅपने संदेशाला थेट इमोजी चिकटवण्याची सोय दिली आणि एक शब्दही न लिहिता प्रतिक्रिया नोंदवता येऊ लागली. समजा, ऐरोलीतील एखाद्या नववीच्या वर्गाच्या गटात एका मुलाने गणिताची शंका विचारली आणि कोणीतरी त्याखाली विदूषकाचा चेहरा लावला, पाठोपाठ आणखी सातजणांनी तोच लावला. दुसऱ्या दिवशी त्याने सहलीच्या पैशांविषयी विचारले, पुन्हा विदूषक. वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, पुन्हा विदूषक. आठवड्याभरात तो मुलगा गटात लिहिणे बंद करतो. यांतील कोणतेही एक चित्र उचलून शिक्षकांसमोर ठेवले तर प्रत्येकाकडे तयार उत्तर असते, ‘मस्करी होती, सर’, आणि ते उत्तर त्या एका चित्रापुरते खरेही असते. इजा पुनरावृत्तीने झालेली असते, सर्वांनी मिळून एकाच्याच वाट्याला ती आणल्याने झालेली असते. शिवाय चिकटवलेली प्रतिक्रिया काढून टाकली की, संदेश पुसल्यावर उरते तशी खूणही मागे राहत नाही.

याच्या उलटही घडते आणि तेही तितकेच पाहण्यासारखे असते. रोज कवट्या आणि रडके चेहरे उधळणारी मुलगी अचानक पूर्णविरामासह कोरडी वाक्ये लिहू लागते. नेहमी हसणारे उत्तर देणारा मुलगा फक्त साधा स्मितचेहरा पाठवतो. जिवलगांच्या गटाला हा फरक बहुतेकदा मोठ्यांच्या आधी जाणवतो, कारण त्यांना नेहमीचा सूर माहीत असतो. शाळांतील समुपदेशकांना मुलाची अवस्था समजून घ्यायची असेल तेव्हा हे मित्र फार मोलाचे ठरू शकतात, आणि ते बोलतील की नाही हे त्यांना मागच्या वेळी कसे वागवले गेले यावर अवलंबून असते. एकदा फोन हिसकावून सर्व गप्पा पालकसभेत वाचून दाखवल्या गेल्या असतील, तर पुढच्या वेळी ते गप्प राहतील आणि त्यासाठी त्यांना दोष देता येणार नाही.

न्यायालयापुढचा अंगठा

चित्राचा अर्थ कोणी ठरवायचा हा प्रश्न आता न्यायालयांतही पोहोचला आहे. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात जवसाच्या खरेदीचा करार फोनवर पाठवल्यावर शेतकऱ्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला. तो करार मिळाल्याची पोच होती की मान्यता, यावर वाद झाला आणि २०२३ साली न्यायालयाने दोघांमधील आधीच्या व्यवहारांची रीत पाहून ती मान्यता ठरवली, शेतकऱ्यावर सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलरची भरपाई बसली आणि पुढे अपिलातही तो निर्णय टिकला. मद्रास उच्च न्यायालयापुढे २०२४ साली उलट बाजूने हाच प्रश्न आला: वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हत्येच्या बातमीवर अंगठा टाकला म्हणून रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाला सेवेतून काढले होते, आणि तो अंगठा आनंदाचा मानता येत नाही, संदेश पाहिल्याची ती खूण असू शकते, असे मानून न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याच न्यायालयाने २०१८ साली कर्मचाऱ्यांच्या गटातील एका चित्रफितीखाली हसणारे इमोजी टाकल्यावरून नोंदलेला गुन्हाही रद्द केला होता. तीनही ठिकाणी न्यायाधीशांना चित्रापलीकडे जाऊन आधी काय घडले होते आणि कोण कोणाशी बोलत होते हे पाहावे लागले.

मुलांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीर होते, कारण अठरा वर्षांखालील व्यक्तीला उद्देशून लैंगिक हेतूने केलेला इशारा किंवा विद्युत माध्यमातून सतत केलेला पाठलाग २०१२च्या पॉक्सो कायद्याखाली लैंगिक छळ ठरू शकतो आणि हेतू सिद्ध करताना आजूबाजूचे सर्व संभाषण लागते. घाबरलेले पालक नेमके हेच संभाषण पुसून टाकतात, किंवा आक्षेपार्ह वाटलेल्या एका चित्राचा स्क्रीनशॉट काढून खाते बंद करवतात. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार विद्युत नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यामुळे फोन तसाच ठेवणे, पाठवणाऱ्याचे नाव, क्रमांक, तारीख आणि वेळ दिसेल अशा रीतीने आधीपासूनचे आणि नंतरचे संदेश जपणे, आणि मुलाने एखाद्या चित्राचा जो अर्थ सांगितला तो त्याच्याच शब्दांत, त्याच दिवशी लिहून ठेवणे ही कामे तक्रारीआधी करावी लागतात. संकटातील मुलांसाठी १०९८, ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक देशभर चालतात, आणि १०९८वर मुलाला स्वतःलाही बोलता येते.